आफ्रिकावाल्याची पाचवी होळी

नंदुरबार जिल्ह्यात आजवर एकच ऑलराउंडर होऊन गेला. बाकीचे जे स्वतःला ऑलराउंडर म्हणवतात, ते थोडी बॅटिंग आणि थोडी बोलिंग करणारे सज्जन लोक आहेत. आमचा आफ्रिकावाला मॅचच्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर येऊन रोलर ओढायचा, काथ्याची मॅट अंथरून तिला चारी बाजूंनी स्वतः खिळे ठोकायचा, नवा बॉल टाकायचा, जुना बॉलही टाकायचा, पाच नंबरला बॅटिंगला जायचा, विकेटकीपरचं बोट सुजलं तर त्याचे ग्लोव्ह्ज चढवायचा, आणि आउट होऊन आल्यावर पॅड सोडता सोडता स्कोअररची चूक काढायचा. अंपायर आला नाही तर अंपायरही तोच. एकदा त्याने आमच्याच कॅप्टनला पहिल्या बॉलला पायचीत देऊन टाकलं आणि वर त्याच्याबरोबर सीमारेषेपर्यंत चालत जाऊन पाय कुठे चुकला तेही समजावलं. किटमध्ये बॅटच्या शेजारी त्याचा एक हातोडा असे. बॅट कोणीही मागावी, हातोडा तो कोणाला देत नसे. आणि हा माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही. लोणखेड्याच्या मैदानाच्या कडेला निंबाखाली एक खाट टाकलेली असायची, तिलाच आम्ही पॅव्हेलियन म्हणत असू. त्या खाटेवर अख्खा संघ एकमेकांच्या अंगावर पडलेला असायचा, आणि हा शेजारी उभा. कॅप्टन, म्हणजे तापीकाठच्या पाटलांचा पोरगा, वैतागून म्हणायचा, "भो, बठ ना आते! तुले पाहीसन मन्हा पाय दुखतंस." हा म्हणायचा, "मॅच चालू आहे ना? मॅच चालू असताना बसतात का?"

त्याला आफ्रिकावाला म्हणायचं कारण तो खरोखरच आफ्रिकेतून आला होता. केनियात एका मोठ्या तळ्याकाठी किसुमू नावाचं गाव आहे. तिथे त्याच्या आजोबांनी दुकान टाकलं होतं. बापाच्या काळात ते उठलं आणि बापाने एकोणीस वर्षांच्या पोराला 'वर्षभर राहून ये' म्हणून लोणखेड्याला मामाकडे पाठवून दिलं. मामाचं ठिबकच्या नळ्यांचं आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. पासपोर्ट बापाने भारताचाच ठेवलेला, त्यामुळे कागदांची अडचण नव्हती. अडचण माणसांची होती. पाटलांच्या लेखी तो गुजराती, गुजराती दुकानदारांच्या लेखी आफ्रिकन, आणि आम्हा होस्टेलच्या डोंगरातल्या पोरांच्या लेखी शेठ. आपला असा तो कोणाचाच नव्हता. त्याला पाच भाषा येत होत्या, फक्त त्या सगळ्या एकाच वाक्यात येत. बोलरला धीर द्यायचा तर म्हणायचा, "अल्या, पोले पोले टाक ना, काय घाई करी ऱ्हायना भो, लेंथ पकड, हमणां जाईल बघ हा!" त्यातलं 'पोले पोले' तिकडच्या स्वाहिलीतलं. म्हणजे हळूहळू, दमानं. हा शब्द आमच्याकडे इतका रुळला की आजही लोणखेड्यात ट्रॉली मागे घेताना माणसं ट्रॅक्टरवाल्याला "पोले पोले" करतात, आणि तो शब्द अहिराणीच आहे याविषयी कोणाला शंका नसते.

नवीन माणूस भेटला की त्याला पहिला प्रश्न सिंहाचा विचारायचा. याने आयुष्यात सिंह पाहिलेला नव्हता. किसुमूत त्याने फक्त गिऱ्हाइकं पाहिली होती. पण लोकांचा हिरमोड होऊ नये म्हणून "लांबून, एकदा" एवढं तो सांगत असे. त्याने पाहिलेलं पहिलं मोठं जनावर लोणखेड्याचं आहे. आमच्या मैदानाच्या फाइन लेगला लागूनच उसाचं शेत होतं. एकदा बॉल त्या उसात गेला आणि तो आणायला हा आत शिरला. बराच वेळ झाला तरी येईना. मग आला, अगदी सावकाश, पाठ आमच्याकडे आणि तोंड उसाकडे करून, एकेक पाऊल मागे टाकत. कॅप्टन ओरडला, "बॉल कोठे शे?" हा मान न वळवता म्हणाला, "बॉल तिथेच शे. त्याला आता मालक भेटला शे." बिबट्या उसात निवांत पडला होता आणि बॉल त्याच्या पुढच्या पंजांच्या मध्ये होता. आम्ही सगळे खाटेसकट पळालो. अर्ध्या वाटेवर मागे वळून पाहतो तर हा खाली वाकून मॅटचे खिळे उपटतोय. उद्या कोणी अडखळून पडेल म्हणाला.

असा माणूस चिवट असतो तसाच हट्टीही. त्याच्या हट्टाचा आम्हाला सगळ्यात जास्त जाच व्हायचा तो आउट होण्याच्या बाबतीत. आपण आउट आहोत असं त्याला वाटलं की तो अंपायरकडे न बघता चालायला लागायचा. बॅटला बॉल चाटल्याचा आवाज फक्त त्याला आला असला तरी चालायला लागायचा. एकदा तर झेल घेण्याआधी बॉलचा टप्पा पडलेला सगळ्या मैदानाने पाहिला, झेल घेणाऱ्यानेही प्रामाणिकपणे हात हलवला, आणि हा निघालेला. कॅप्टन खाटेवर उभा राहून बोंबलत होता, "आरे येडा, आउट नही शे तू! टप्पा पडना व्हता, टप्पा! माघारी फिर!" याने तोवर एक ग्लोव्ह काढलेलाही होता. "मी चालायला लागलो ना," तो म्हणाला, "आता मध्येच वळलो तर पुढच्या वेळी माझ्या चालण्याला कोण विचारेल?" ती मॅच आम्ही चार रनांनी हरलो. कॅप्टन पंधरा दिवस त्याच्याशी बोलला नाही, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण हाच सगळा वेळ बोलत होता.

मी लोणखेड्याच्या कॉलेजात बी.ए. करत होतो. हा तिथेच बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. मी दुसऱ्या वर्षाला गेलो, तिसऱ्या वर्षाला गेलो, हा पहिल्या वर्षाला नाबाद राहिला. परीक्षा नेमकी सीझनमध्ये यायची हा त्याचा दोष नव्हता. माझं घर डोंगरातल्या, होळीसाठी नावाजलेल्या काठी गावापासून तासाभराच्या चालीवरच्या एका पाड्यावर. आमच्या पाड्यातला पहिला पदवीधर मी. हे मी गरजेपेक्षा जास्त वेळा सांगतो असं माझी बायको म्हणते, पण ज्या पाड्यात पत्र आलं तर वाचायला दुसऱ्या गावचा माणूस बोलवायचे, तिथे ही गोष्ट साधी नाही. त्या पदवीपायी मी काय काय सोडायला तयार होतो, तेही सांगितलं पाहिजे. होस्टेलवर आलो तेव्हा घरची बोली पेटीत ठेवली आणि शाळेतलं मराठी अंगात घातलं. सुट्टीत मित्रांना घरी नेलं की आईला 'आई' म्हणायचो. आमच्या बोलीत आईला 'याहा' म्हणतात. ती बिचारी त्या नव्या हाकेला ओ द्यायची, पण जरा उशिरा, हाक दुसऱ्या कोणाला असावी तशी. आफ्रिकावाला पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने अंगणातूनच विचारलं, "तुम्ही लोक आईला काय म्हणता?" मी सांगितलं. तो सरळ आत गेला, चुलीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "याहा, भूक लागली." आईने त्याला तीन ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. त्याने पाच खाल्ल्या. उभ्यानेच.

आता मुख्य गोष्ट. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, थंडीत, आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेच्या फायनलला पोचलो. समोर नंदुरबार शहराचा संघ, आणि मॅच खांडबाऱ्याला, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या मैदानावर. शेवटच्या ओव्हरला तेरा रन हवे होते आणि आमची शेवटची जोडी खेळत होती. एका टोकाला आफ्रिकावाला, डाव्या हाताचं बोट वांग्याएवढं सुजलेलं. दुसऱ्या टोकाला मी. माझी बॅटिंग हा विषय इथे नको. तो चालत पिचच्या मध्यावर आला आणि म्हणाला, "काय करायचं?" मी आमच्या बोलीत, मोठ्याने, आभाळाकडे बघून नवस बोलून गेलो. त्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"होळीमायला बोललो. ही मॅच जिंकली तर तू पाच वर्षं होळीला बुध्या होशील."

"बुध्या म्हणजे?"

"अंगावर राखेचे ठिपके काढायचे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे बांधायचे, आणि होळीभोवती नाचायचं. आधी पाच दिवस पाळणी पाळायची."

त्याने विचारलं, "माझ्या नावाने बोलला?"

"हो."

तो परत गेला, मॅटच्या कोपऱ्यातला एक सैल खिळा बॅटने आत ठोकला, आणि पहिल्याच बॉलवर सिक्स मारली. दुसरीही सिक्स. ती रुळांवर गेली. तिथून मालगाडी चालली होती, बॉल तिच्या उघड्या डब्यात पडला आणि सुरतेकडे निघून गेला. दुसरा बॉल शोधण्यात दहा मिनिटं गेली, आणि मग त्याने एक साधा रन काढला, इतका साधा की मलासुद्धा पळता आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो खांद्यावरून मला विचारत होता, "अल्या, होळी क्यारे छे? होळी कधी आहे?"

हा नवस त्याच्याच नावाने का बोललो, माझ्या नावाने का नाही? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, बॅट त्याच्या हातात होती म्हणून. खरं कारण असं की मला ते अंगावर घ्यायचं नव्हतं. बी.ए. झालेला माणूस राख फासून नाचतोय, हे मला नको होतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या नावाने बोलण्यात नवल नाही. पोर आजारी पडलं की आई पोराच्या नावाने बोलते, आणि पोर मोठं झालं की ते फेडतं. मात्र ज्याच्या नावाने बोललं त्याला जमलंच नाही, तर ज्याच्या तोंडून निघालं त्याने ते स्वतःवर घ्यावं, असं आमच्या पाड्यात मानतात. होळीमायची त्याला हरकत नसते. पहिला भाग मी आफ्रिकावाल्याला समजावून सांगितला. दुसरा नाही सांगितला.

पाळणीत पायात काही घालायचं नाही, अंघोळ करायची नाही, खाटेवर बसायचं-निजायचं नाही, आणि आपलं आपण रांधून खायचं. आम्हा डोंगरातल्या लोकांना हे कळतं आणि त्यात कुठे थोडी सवलत आहे तेही कळतं. याला सवलत कळेना. खाट नाही म्हणजे खुर्ची नाही, बाकडं नाही, स्कूटरची सीट नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं. दुकानात पाच दिवस अनवाणी, बिनअंघोळीचा, गल्ल्याशेजारी खांबासारखा उभा. मामीने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, तर याने मागे नळ्यांच्या ढिगाआड तीन विटांची चूल मांडली आणि असे रोटले भाजले की एका शेतकऱ्याने ते पाहून विचारलं, हे मोटारीचं वॉशर कितीला. मामा कपाळ बडवत होता, "अल्या, तने कोणे कीधुं हतुं?" तुला हे सांगितलं कोणी? याने बिचाऱ्याने माझं नाव सांगितलं नाही. डोंगरात मोलगीला जाणारी जीप भरून निघाली तर हा मागे लोंबकळत, कारण आत सीट होती. घाट चढून वर आलो तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा धुळीने लाल झाल्या होत्या. काठीला त्याच्या गोऱ्या अंगावर राखेचे ठिपके उठेनात, म्हणून म्हाताऱ्यांनी कोळसा कालवला. भोपळे बांधून उभा राहिला तेव्हा सगळे हसले. ढोल वाजायला लागल्यावर हसणं थांबलं. इतकी वर्षं मॅटवर नाचलेले पाय होते ते. पुढचा पाय, मागचा पाय, वजन नेमकं मधोमध. एक म्हातारा मला म्हणाला, "हा कुठल्या पाड्याचा?" मी म्हणालो, "लोणखेड्याचा आहे." म्हाताऱ्याला ते पटलं नाही. पाय आपल्याकडचे आहेत, म्हणाला.

दुसऱ्या वर्षी त्याला कोणी हसलं नाही. तिसऱ्या वर्षी भोपळे त्याने स्वतः वेलावर वाळवले होते, मामाच्या दुकानामागे, ठिबक लावून. चौथ्या वर्षी काठीच्या पोरांना तो रांगेत अंतर कसं ठेवायचं ते शिकवत होता. आणि या चार वर्षांत त्याचा खेळही चढत गेला. आंतरजिल्हा सामन्यांत धुळ्याला, जळगावला, नाशिकला लोक त्याचं नाव घेऊ लागले. जिल्ह्याच्या संघाला त्या वर्षांत जे काही मिळालं त्यातलं निम्मं त्याच्या बॅटने आणि निम्मं त्याच्या बोलिंगने मिळवलं. उरलेले दहा जण टाळ्या वाजवायला होते, त्यांत मीही एक. पाचव्या वर्षी होळीच्या तीन आठवडे आधी त्याला पत्र आलं. राज्याच्या संघाची निवड चाचणी, पुण्याला, तीन दिवस. आमच्या जिल्ह्यातून असं पत्र आलेलं मी तरी दुसरं पाहिलं नाही. त्याचं वय तेव्हा अठ्ठावीस होतं. पत्रातल्या तारखा पाळणीच्या मधोमध पडत होत्या.

मी तेव्हा खांडबाऱ्याला शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. तो पत्र घेऊन मधल्या सुट्टीत शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीत मी त्याला खुर्ची दिली, तो अर्थातच उभा राहिला. पत्र माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "मास्तर, एक विचारायचं होतं. तुमच्यात सब्स्टिट्यूट चालतो का?"

मला प्रश्न लगेच कळला. उत्तरही माहीत होतं. 'चालतो, आणि तो सब्स्टिट्यूट मी आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण समोरच्या पटांगणात माझ्याच डोंगरातली पोरं खेळत होती. नवा शर्ट होता, हजेरीपटावर माझी सही होती, हेडमास्तर मला 'सर' म्हणत होते. मी म्हणालो, "विचारून सांगतो." आणि मग, गप्प बसवेना म्हणून, शिकलेल्या माणसाचं भाषण दिलं. म्हटलं, अरे, हे सगळं मनाचं असतं. मॅच तू तुझ्या हाताने जिंकलीस. देव काय तारखा बघत बसला आहे? तू सरळ पुण्याला जा.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू मधे उभा राहून बोलला ना, तेव्हा मला भाषा कळली नाही. पण माझं नाव ऐकू आलं. मी चार वर्षं इथे होतो, माझ्या नावाने इथे कोणी काही मागितलं नव्हतं. घरी आई मागत असेल, ती लांब. इथे पहिला तू." पत्राची घडी घालत तो पुढे म्हणाला, "त्या बोलण्यावर मी सिक्स मारल्या. आता ते मनाचं असतं म्हणू? चालायला लागलो आहे मी, मास्तर. तू विचार. चालत असेल तर सांग."

मी विचारलं नाही. विचारायचं कोणाला होतं? तीन आठवडे मी त्याचा फोन आला की "अजून म्हातारे भेटले नाहीत" असं सांगत राहिलो. चौथ्या वेळी त्याने फोन केला नाही.

कॅप्टनला हे कळलं तेव्हा तो मोटरसायकलवर दुकानात जाऊन त्याच्या पाया पडायचा बाकी राहिला. "आरे भो, रणजी खेळशी तू! गल्लीमा तुन्हा बॅनर लावू! होळी काय, दरसाल येस!" आफ्रिकावाला उभाच होता, अनवाणी. पाळणी सुरू झाली होती. तो म्हणाला, "रणजी चार दिवसांची असते. ही पाच दिवसांची आहे." कॅप्टन बाहेर येऊन मला म्हणाला, "हाऊ माणूस येडा शे." आणि नाकाला रुमाल लावून बराच वेळ गाडी पुसत राहिला. मी त्यालाही काही सांगितलं नाही.

होळीच्या दिवशी दुपारी तो आमच्या घरी आला. अंगणात मी आणि आई होतो. आईला कोणीतरी पुण्याच्या पत्राचं सांगितलं होतं. ती त्याला तिच्या बोलीत म्हणाली, आणि एव्हाना ती बोली त्याला चांगली कळत होती, "पोरा, तू कशाला अडून बसलास? हा बोलला होता ना तुझ्या नावाने? यानेच घ्यायचं होतं अंगावर. याला माहीत आहे."

अंगणात एक कोंबडी फिरत होती, तिच्याकडे मी बघत राहिलो. मला वाटलं आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि आईला म्हणाला, "याची मास्तरकी नवीन आहे, याहा." एवढंच. मग काठीच्या वाटेला लागला. अंपायरकडे न बघता तो जसा चालायला लागायचा ना, तसाच. त्या वर्षी तो सगळ्यांत चांगला नाचला असं लोक सांगतात. मी गेलो नव्हतो.

पत्र पुन्हा आलं नाही. तिशीच्या माणसाला दुसऱ्यांदा बोलवत नाहीत, आणि पहिल्यांदा न आलेल्याला तर मुळीच नाही. तो आणखी बारा-तेरा वर्षं जिल्ह्याकडून खेळला. पाच नंबरचा सहा झाला, सहाचा आठ झाला, बोलिंगचा रनअप अर्धा झाला. माझ्याशी वागण्यात काडीचा फरक नाही. माझ्या लग्नात त्याने वाढपी, ड्रायव्हर आणि फोटोग्राफर अशी तिन्ही कामं केली, त्यामुळे एकाही फोटोत तो नाही. ती गोष्ट त्याने पुन्हा कधी काढली नाही, आणि त्याने न काढल्यामुळे ती माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. टीव्हीवर रणजीची मॅच लागली आणि एखादा ऑलराउंडर पॅड बांधताना दिसला की मी चॅनल बदलतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, कंटाळवाणी आहे.

आता त्याचा उजवा गुडघा गेला आहे. दुकान तोच बघतो, मामा थकले. मैदानावर सकाळी जातो, रोलरला हात लावून उभा राहतो आणि ढकलणाऱ्यांना "पोले पोले" म्हणतो. या वर्षी माघ सरता सरता मी त्याला फोन करून सांगितलं की होळीला काठीला ये, मी बुध्या होतोय.  

पाळणीचे पाच दिवस मी शाळेत अनवाणी गेलो. पोरं एकमेकांना कोपर मारत होती. तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या एका मुलीने मला पहिल्यांदाच आमच्या बोलीत विचारलं, "गुरुजी, तुमचा फेरा कितवा?" मी म्हणालो, "पहिला." माझ्या आईचं आता वय झालं आहे. राख तिनेच कालवली आणि माझ्या पाठीवर बोटाने ठिपके काढले. मी तिला म्हणालो, "याहा, थंड आहे." तिने यावेळी उशीर न लावता ओ दिली.

तो दुपारी आला, लंगडत. माझ्याकडे वरून खाली पाहून त्याने पहिला प्रश्न टाकला, "काय मागितलंस?"

"काही नाही."

"मग कशाला?"

"पाचवं राहिलं होतं."

"ते मी केलं ना."

"केलंस. पण माझं होतं ते."

त्याने माझ्या कमरेचे भोपळे हलवून पाहिले. दोर सैल होता. तो त्या मोडक्या गुडघ्यावर, चेहरा वाकडा करत, खाली बसला, गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, मॅटला ताण देत बांधायचा तशी. दोनदा ओढून पाहिली. हातोडा असता तर खिळाही ठोकला असता. मग माझ्याच खांद्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "पहिला तास नजर खाली ठेव. पुढचा पाय आधी. घाई करू नको, पाच दिवस काढलेस, आता विकेट फेकायची नाही."

खाली काठीकडून ढोल ऐकू यायला लागला. मी निघालो. आईने अंगणात त्याच्यासाठी खाट टाकली होती. मी वळून पाहिलं, तो नेहमीसारखा उभा असेल म्हणून. तो खाटेवर बसला होता. गुडघा लांब करून, हात मागे टेकून, पॅड सोडून आलेली माणसं बसतात तसा. मला बघताना पाहून त्याने हात वर केला आणि पुढे जा अशी खूण केली.